पहिल्या फुलाची तारीख

बागेचा राखणदार दाराबाहेर बराच वेळ शर्ट झटकत उभा राहिला आणि मगच खोलीत आला.

"फुललं का?" पलंगावरून आजारी बायकोने विचारले.

"अजून नाही."

वाळवंटाच्या कडेला असलेल्या त्या संशोधन-बागेत एकतीस वर्षे दोघांचा एकच रिवाज होता. कुंपणाजवळच्या काटेरी झुडपावर पहिले फूल उमलले, की तो त्या फांदीला पांढरा दोरा बांधी आणि घरी येऊन सांगे. नोंदवहीत तारीख लिही ती. त्याचे अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, असे म्हणून ती वहीला त्याचा हात लागू देत नसे. तारीख ठरल्यासारखी मार्चच्या अखेरीस पडे. हल्ली काही वर्षे ती अलीकडे सरकू लागली होती. यंदा थंडी आली तशी गेली, आणि झुडूप फेब्रुवारीतच पिवळेधमक झाले.

त्याला आज चार दिवस झाले होते. दोरा त्याने बांधला होता. सांगितले मात्र नव्हते.

लेक जहाजावर नोकरीला होती. तिचे जहाज मार्चअखेर बंदराला लागायचे. त्याआधी उतरायचे म्हटले तरी भर समुद्रात उतरणार कुठे? फुले आली की लेक आली, एवढे एकच गणित आईच्या मनात उरले होते. फुले आधीच आली हे कळल्यावर ती कशाच्या आधाराने थांबणार? डॉक्टर तर त्याला व्हरांड्यात नेऊन म्हणाले होते, "मार्च उजाडला तरी पुष्कळ."

"अहो, जरा इकडे या."

तो जवळ गेला. तिने त्याची बाही धरली, कफाच्या दुमडीवरून अंगठा फिरवला आणि उजेडात धरला. अंगठा परागांनी पिवळा झाला होता.

"डोळे मिटून दूध पिणारं मांजरसुद्धा मिशा पुसतं हो," ती म्हणाली. "किती दिवस झाले?"

"चार."

"वही द्या."

त्याने वही दिली, पेन दिले. पेन दोनदा तिच्या बोटांतून निसटून पांघरुणावर पडले. तिसऱ्यांदा तिने ते उचललेच नाही. वही त्याच्याकडे सरकवली.

"तुम्हीच लिहा. आणि तारीख खरी लिहा."

एकतीस गोल, नेटक्या ओळींखाली त्याने आपल्या वेड्यावाकड्या अक्षरात चार दिवसांपूर्वीची तारीख लिहिली. शाई वाळेपर्यंत त्याने वही उघडीच धरली.

"पोरीनं विचारलं तर काय सांगू?"

ती खिडकीकडे पाहत राहिली. तिथून कुंपण दिसत नव्हते.

"म्हणावं, तू अगदी वेळेवर आलीस. यंदा फुलांनाच घाई झाली."