दोरी धरून

पाळणाघरातली दहा पोरं फिरायला निघाली की ताई प्रत्येकाला लांबूनही दिसेल असं भडक नारिंगी जाकीट घालायच्या आणि सगळ्यांना एकच दोरी धरून चालवायच्या. आज वाटेत रस्त्याचं खोदकाम चालू होतं. ते ओलांडून आल्यावर ताईंनी धास्तावून जाकिटं मोजली, तर अकरा भरली. चष्मा पुसून पुन्हा मोजली, तरी अकराच.

रांगेच्या शेवटी, सगळ्यात धाकट्या चिमीच्या मागे, खोदकामावरचे एक मिशीवाले काका तसल्याच जाकिटात दोरी धरून निमूट उभे होते.

"मी आपला कडेला एकटाच डबा खात बसलो होतो," ते ओशाळून म्हणाले आणि त्यांनी चिमीकडे बोट दाखवलं.


"तर ही म्हणाली, रडू नको, तुझ्या ताई सापडेपर्यंत आमची दोरी धर."