चुकलेली मापं

"परत सैल?" आईने तोंडातल्या टाचण्या काढल्या आणि भिंगरीच्या कमरेभोवती टेप फिरवली. "अगं, शाळा सुरू होताना शिवला हा स्कर्ट. मागच्या महिन्यात आत घेतला. आणि आज पुन्हा दोन इंच?"

"शर्टाचं गळ्याचं बटणही लागत नाही," भिंगरी म्हणाली. "कंबर ढगळ, गळा घट्ट! माप माझं घेतलंस की शेजारच्या काकूंचं?"

आई हसली नाही. मशीनकडे नुसती बघत बसली. वीस वर्षांत तिच्या हातचं एकही कापड परत आलं नव्हतं. डोळे मिटूनही हिची कात्री बरोबर चालते, असं बायका म्हणायच्या.

"हात गेला माझा," ती पुटपुटली. "पोटच्या पोरीचं माप चुकतंय, तर लोकांचे कपडे काय बिघडवू? त्या गणवेशांच्या ऑर्डरला नाही म्हणून कळवते. बास झालं शिवण."

भिंगरीला पटेना. आई आणि मशीन बंद?

मग एकदम तिची ट्यूब पेटली. परवाच विज्ञानाच्या बाईंनी फळ्यावर गळ्यातली ग्रंथी काढली होती, अगदी फुलपाखरासारखी. थायरॉईड! तिचं हार्मोन कमी पडलं की अख्खं शरीर मंदावतं. थंडी वाजते, थकवा येतो, विसरायला होतं, नाडीसुद्धा हळू पडते. धड्याचा पुढचा भाग मात्र भिंगरीने ऐकला नव्हता. चुळबुळ थांबेना म्हणून बाईंनी तिला वर्गाबाहेर उभं केलं होतं. पण हेरगिरी करायला अर्धा धडा पुष्कळ झाला की!

तिने नवी वही काढली आणि आठवडाभर आईवर पाळत ठेवली.

थंडी. भिंगरीने पंखा पाचवर केला की आई लगेच शाल ओढायची. भूक. भिंगरीचं दुसरं ताट चाटूनपुसून साफ व्हायचं, तरी आई पहिल्यातच चिवडत असायची. झोप. भिंगरी पाचला टक्क जागी, आई सहापर्यंत ढिम्म हलायची नाही. शेवटी दोघींनी शेजारी बसून घड्याळ लावून नाडी मोजली. "माझ्यापेक्षा चाळीसने कमी!!!" असं लिहून भिंगरीने खाली लाल पेनाने तीन रेघा ओढल्या. जोशात त्या नागमोडी आल्या.

"मला काही झालेलं नाही गं बाई," आई म्हणाली.

"सगळे पेशंट असंच म्हणतात."

"आणि तू डॉक्टर कधी झालीस?"

"या मंगळवारी."

आईने कपाळावर हात मारला, पण गेली. रक्त दिलं. दोन दिवसांनी दोघी दवाखान्यात रिपोर्ट ऐकायला बसल्या. आई टेबलासमोरच्या खुर्चीत, भिंगरी मागे उभी.

"अगदी नॉर्मल," डॉक्टरबाई म्हणाल्या. "थायरॉईड ठणठणीत आहे तुमचं. काळजी नको."

आईचा चेहरा खर्रकन उतरला. आजार निघाला असता तर गोळी घेऊन हात परत आला असता. "म्हणजे हातच गेला म्हणायचा," ती हळूच म्हणाली.

"शक्यच नाही!" भिंगरी पुढे झेपावली. "रिपोर्ट चुकलाय. माझ्याकडे पुरावे आहेत!" तिने वही टेबलावर आपटली.

डॉक्टरबाईंनी हसत हसत पहिलं पान वाचलं. शालीपाशी मान डोलावली. ताटापाशी पुन्हा हसल्या. नाडीपाशी त्यांचं हसू थांबलं.

"आईची किती भरली होती?"

"बहात्तर."

"धावून वगैरे आला होतात का दोघी?"

"छे! पंधरा मिनिटं गप्प बसलो होतो. मला तर तेवढंच जड गेलं!"

"आणि ही सैल कंबर, घट्ट गळा... हे कपडे कुणाचे?"

"माझेच की. म्हणून तर कळलं, आईचं काहीतरी बिनसलंय."

डॉक्टरबाईंनी वही मिटली आणि चष्मा नीट करून भिंगरीकडे पहिल्यांदाच निरखून पाहिलं.

"ताई, तुमचं एकही माप चुकलेलं नाही," त्या आईला म्हणाल्या. "आता जरा उठता का? पेशंटला बसू द्या."