टेबलाला पॉलिश

"या ऑफिससाठी मी सव्वीस वर्षं देह झिजवला," असं निरोपाच्या भाषणात सांगून साहेब डोळे पुसत घरी गेले. दुसऱ्या दिवशी नव्या साहेबांसाठी टेबल-खुर्ची ठीकठाक करायला सुतार आला. त्याचं आयुष्य लाकडात गेलेलं. वस्तू कुठे घासली गेलीय ते पाहून माणूस दिवसभर काय करत होता ते त्याला बरोबर कळायचं.

त्याने टेबलावरून हात फिरवला. पॉलिश जसंच्या तसं, कोपर टेकायच्या जागीसुद्धा साधा ओरखडा नाही. खुर्चीच्या गादीला मात्र म्हैस बसून उठावी तसा खड्डा पडलेला. आणि टेबलाच्या कडेचं बेलचं बटण इतकं घासलेलं, की आतला पत्रा दिसत होता.

"कसला देह? झिजलं असेल तर एवढं एक बोट झिजलं असेल," सुतार पुटपुटला. सव्वीस वर्षं त्या बेलवर उठबस केलेले म्हातारे शिपाईमामा दाराबाहेर स्टुलावर गुडघे चोळत बसले होते.

तेवढ्यात नवे साहेब आले. "टेबल राहू द्या हो, चांगलंय. आधी बेल वाजते का ते बघू," म्हणत त्यांनी बटण दाबलं.

नुसतं बघायला दाबलंय, हे मामांनाही कळलं होतं. तरी दोन्ही हात गुडघ्यांवर रेटून ते उठले आणि लंगडत आत येऊन उभे राहिले.



"बेल उत्तम आहे," नवे साहेब सुताराला म्हणाले, "शिपाई तेवढा बदलून घ्यावा लागेल."