पिंजऱ्याची जागा

जाळीचा पिंजरा फुमिएबाईंनी दुकानातच नाकारला होता. हॅमस्टर जाळीवर चढतं आणि पाय अडकून मोडून घेतं. त्यांनी पारदर्शक भिंतींचा, चांगला लांबरुंद पिंजरा निवडला आणि त्यांचा मुलगा नोरिहिरो तो उचलून तिसऱ्या मजल्यावर घेऊन आला.

आता प्रश्न जागेचा होता.

"एसी कुठल्या खोल्यांत आहे?" फुमिएबाईंनी विचारलं. कालच त्या नागोयाहून आल्या होत्या. "ऑगस्टात एसी लागतोच. उकाड्यानं एका दिवसात मरतात हे प्राणी."

"बैठकीत आहे," सून चिगुसा म्हणाली.

"तिथे टीव्हीचा आवाज. दुसरा कुठे?"

नोरिहिरोनं पिंजरा उचलला आणि आतल्या खोलीचं दार पायानं ढकललं. मे महिन्यात चिगुसा इस्पितळातून रिकाम्या हातांनी परतली, तेव्हापासून ते बंद होतं.

आत भिंतीवर एसी होता आणि खिडकीशी बाळासाठी आणलेला कठड्यांचा छोटा पलंग होता. फुमिएबाईंनी त्यावरची गादी काढून भिंतीशी उभी केली, फळी हातानं दाबून पाहिली.

"इथे ठेव रे. उंचीला बरोबर आहे, वाकायला नको."

"आई, तिथे नको," चिगुसा म्हणाली. "मी टेबल आणते."

"टेबल डुगडुगतं. हे बघ किती पक्कं आहे." त्या सुनेकडे वळल्या. आवाज मऊ होता. "तुझ्यासाठीच आणलाय गं हा जीव. दिवसभर एकटी बसतेस. हातांना काही काम नको का? चल, भुसा घाल. वीतभर तरी घाल, आत शिरून झोपतात ते."

चिगुसानं भुसा ओतून हातानं सारखा केला. कोपऱ्यात लाकडी घरटं ठेवलं, पाण्याची बाटली अडकवली. नोरिहिरो कठड्याला टेकून फिरत्या चाकाचा स्क्रू पिळत होता.

फुमिएबाईंनी खोक्यातलं हॅमस्टर आत सोडलं. मादी होती. ती तडक घरट्यात शिरली. बाईंनी सूर्यफुलाची बी चिमटीत धरली आणि पिंजऱ्यावर हलकेच टिचकी मारली.

"कोतोने. ये गं, कोतोने."

चिगुसाचा हात पाण्याच्या बाटलीवरच राहिला. ते नाव कुठल्याच कागदावर नव्हतं. इस्पितळात, चादरीत गुंडाळलेली मुलगी नर्सच्या हाती परत देण्याआधी तिनं ते नवऱ्याच्या कानात सांगितलं होतं. फक्त त्याच्या.

तिनं नोरिहिरोकडे पाहिलं. तो चाक फिरवून बघत होता.

"आईनं फोनवर विचारलं होतं," तो म्हणाला. "चांगलं नाव आहे. नुसतंच पडून राहिलं असतं."

घरट्याच्या तोंडाशी गुलाबी नाक दिसलं. मिशा हलल्या.

"बघ, आली," फुमिएबाई म्हणाल्या. त्यांनी बी चिगुसाच्या तळहातावर ठेवली आणि तिची बोटं स्वतःच्या हातानं मिटवली. "आता तू हाक मार. जिच्या हातचं खातात, तिचा आवाज ओळखतात."

नोरिहिरोनं स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला. मायलेक तिच्या तोंडाकडे बघत थांबले.