पर्जन्यप्रार्थना

मराकेशबाहेर हाजी तहामींच्या बंगल्यामागे पोहण्याचा तलाव खणताना जुना भुयारी पाट फुटला आणि खड्डा रोज पाण्याने भरू लागला.

“पाटाचं वरचं तोंड बुजवून टाक,” हाजी म्हणाले.

“ते मला नका सांगू, हाजी,” गवंडी इद्दर म्हणाला. “खालच्या वस्तीत माझ्या आईचा हंडा याच पाण्यावर भरतो.”

“मग आईला इकडेच पोहायला पाठव!” असे म्हणून हाजींनी स्वहस्ते सिमेंट ओतले.

आठवड्याभरात वस्तीचा हौद कोरडा पडला. पावसासाठी सामुदायिक नमाज ठरला, तेव्हा हाजी तलावाच्या कामावरून तडक येऊन पहिल्या रांगेत उभे राहिले आणि हुंदके देऊ लागले. अखेरीस रिवाजाप्रमाणे सर्वांनी अंगातले झगे उलटे केले. मागे उभ्या असलेल्या इद्दरच्या डोळ्यांदेखत हाजींच्या झग्यावरचे सिमेंटचे डाग आत गेले.