आनेकलचं ऊन

"एसी बंद करा," विद्याश्री म्हणाली.

खोलीतले दोघंही तिच्याकडे बघत राहिले. टेबलावरच्या पडद्यावर एक विमान धावपट्टीभोवती घिरट्या घालत होतं, गेली पंचावन्न मिनिटं, एकदाही न अडखळता. तासाची चाचणी संपायला पाच मिनिटं उरली होती.

"कशाला गं?" विश्वासराव हसल्यासारखं करत म्हणाले. बंगळूरच्या एस. पी. रोडवरचं हे दुकान त्यांचं; विद्याश्री तिथं मशिनं जोडायची. आधी रेडिओ, मग टीव्ही आणि आता, नव्याण्णव साली, कॉम्प्युटर. "साहेबांना उकडेल."

"आनेकलला एसी नाही, अण्णा. मी रविवारी जाऊन बघून आले. पत्र्याची शेड आहे. दुपारी आत उभं राहवत नाही."

साहेब म्हणजे कृष्णात. मूळचे कोल्हापूरकडचे, हवाई दलातून निवृत्त झालेले. आता आनेकलजवळ एका खासगी उड्डाणशाळेत शिकवत. खऱ्या विमानात बसवण्याआधी विद्यार्थ्यांचा पडद्यावर सराव घ्यायला त्यांना आठ मशिनं हवी होती. चित्र सलग हलायला हवं, म्हणून विद्याश्रीनं ग्राफिक्स कार्ड नेमून दिलेल्या वेगाच्या बरंच वर चढवलं होतं. वेग वाढला की कार्ड तापतं. ते निवावं म्हणून त्यावरचा मूळचा ॲल्युमिनियमचा तुकडा काढून तिनं तांब्याचा जाड हीटसिंक बसवला होता. त्याचं एकेक पातं स्वतः कानशीनं घासलं होतं. एसीत हे कार्ड टिकणार, हे तिला ठाऊक होतं. पत्र्याखाली टिकेल की नाही, ते ठाऊक नव्हतं.

विश्वासराव तिच्या कानाशी आले. "पाच मिनिटं, विद्या. स्वल्प, जरा गप्प बस. ऑर्डरवर सही होऊ दे, पुढचं पुढे बघू."

"पुढे तिथं पोरं बसणार आहेत, अण्णा."

"बंद करा की," कृष्णात मधेच म्हणाले. "बघूया काय होतंय."

विद्याश्रीनं एसी बंद केला, दार लावलं, पश्चिमेच्या खिडकीचा पडदा सारला. एप्रिलचं ऊन सरळ टेबलावर आलं. भिंतीवरचा थर्मामीटर सत्तावीस अंशांवरून तिसावर गेला, मग चौतिसावर. कृष्णात रुमालानं मान पुसत होते. विश्वासराव घड्याळाकडे बघत होते. विद्याश्री फक्त पडद्याकडे बघत होती.

म्हणून ते तिलाच दिसलं. निळ्या आभाळाच्या कोपऱ्यात दोन गुलाबी ठिपके. लुकलुकले, गेले. परत आले.

बाकी कुणाचं लक्ष नव्हतं. तिनं एक श्वास घेतला.

"साहेब, ठिपके आले. नापास."

विश्वासरावांनी डोळे मिटून घेतले.

कृष्णात पडद्यावर वाकले. "मला तर काहीच दिसत नाही."

"कार्ड तापलंय. आत्ता दोनच आहेत. अर्ध्या तासात आभाळभर होतील, मग चित्र थिजेल. मला एक तास द्या."

"तासात काय करणार तू?" विश्वासराव उसळले. "वेग कमी कर, सुटलो."

"वेग कमी केला तर वळताना चित्र अडखळणार. विमान नेमकं कुठं आहे, ते शिकणाऱ्याला कळणार नाही."

कृष्णातांनी घड्याळ बघितलं. साडेपाचची बस होती. "एक तास," ते म्हणाले आणि स्टुलावर बसले.

तिनं मशीन उघडलं. हातातल्या डिजिटल थर्मामीटरची वायर एकेका जागी लावून बघितली. मधली मोठी चिप ठीक होती. तापल्या होत्या त्या तिच्या भोवतीच्या आठ लहान मेमरी चिप. तांब्याचा हीटसिंक इतका रुंद होता की पंख्याचा वारा त्यांच्यापर्यंत पोचतच नव्हता. चूक तिचीच होती. मोठ्या चिपला जपताना ती लहान चिप विसरली होती.

तिनं हीटसिंक सोडवला आणि दोन्ही बाजूंची कडेची पाती कापायला घेतली. मग तांब्याच्या पत्र्यातून नखाएवढे आठ तुकडे. तिसऱ्या तुकड्याला कात्री निसटली, अंगठा कापला. तिनं त्यावर इन्सुलेशन टेप गुंडाळली आणि चौथा घेतला.

विश्वासरावांनी बाह्या वर केल्या, पकड उचलली आणि पत्र्याचं टोक धरलं. "सरी, ठीक आहे. कुठं कापायचं ते सांग."

सगळे तुकडे चिकटवून, झाकण लावून मशीन पुन्हा चालू झालं, तेव्हा खोलीत सदतीस अंश होते.

विमान धावपट्टीवरून उठलं. एक फेरी. दहा फेऱ्या. पाऊण तास झाला, आभाळ निळंच होतं. साडेपाच वाजले तेव्हा कृष्णातांनी एकदा मनगटाकडे बघितलं आणि पाय लांब केले. सहा वाजले. साडेसहा वाजले. तिघांचेही कपडे अंगाला चिकटले होते, पण दार उघडा असं कुणी म्हणालं नाही.

पावणेसातला कृष्णातांनी ऑर्डरचा कागद पुढे ओढला, आठ हा आकडा लिहिला आणि खाली सही केली. "पहिल्यांदाच सही झाली असती," ते म्हणाले, "तर मी तुम्हाला शिव्या देत परत आलो असतो."

विश्वासरावांनी कागद घेतला, दोनदा वाचला आणि घडी घालून विद्याश्रीच्या हातात दिला.

तिनं तो बाजूला ठेवला. मशीन चालूच होतं. तिनं झाकण काढलं, आत हात घातला आणि लहान चिपवरच्या तांब्याच्या एका तुकड्यावर बोट टेकवलं.

"कसं काय?" कृष्णातांनी विचारलं.

"चटका बसतोय. चिपची उष्णता तांब्यात उतरतेय," ती म्हणाली, आणि बोट तसंच राहू दिलं.