गावातल्या विहिरी
जुन्या व्हिडिओ गेम्सच्या संग्रहालयाचं उद्घाटन होतं. एका गाजलेल्या गेममधलं अख्खं गाव सहा वर्षं खपून रंगवणारी चित्रकार आता म्हातारी झाली होती. काचेच्या पेटीत तिला नुसती डिस्क दिसली. “चालवून दाखव ना गं,” ती संग्रहालयातल्या मुलीला म्हणाली. “चालत नाही, मावशी,” मुलगी ओशाळली. “गेम बनवणाऱ्या कंपनीनंच सर्व्हर बंद केले, मूळ प्रतही पुसून टाकली.” तेवढ्यात त्याच कंपनीचा मालक व्यासपीठावरून माईकवर म्हणाला, “आम्ही तुमचं बालपण जपलंय!” म्हातारीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. काठी टेकत व्यासपीठावर चढून तिनं माईक हिसकावला. “जपलंय? गेममधल्या गावात विहिरी किती होत्या, सांगा!” मालक हातातला भाषणाचा कागद चाळू लागला. “तीन!” मागून एक टकला गृहस्थ ओरडला. “एकीत कासव होतं!” कुणी बाई म्हणाली. सगळं सभागृहच गावाबद्दल बोलू लागलं. मालकानं हात पुढे केला. म्हातारीनं माईक दिला नाही.